अमाल्फी किनारा, आईचे गुडघे आणि पोझितानोतलं हॉटेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मेच्या शेवटच्या आठवड्यात रोम आटोपून पाच रात्री अमाल्फी किनाऱ्यावर काढायच्या आहेत. सोबत पत्नी, दहा वर्षांची मुलगी, सत्तरीला टेकलेले वडील आणि गुडघेदुखी असलेली आई. रोमहून भाड्याची गाडी घ्यायचा विचार आहे, पोझितानोतलं एक हॉटेल फोटो बघून मनात भरलंय, आणि विचारलंय एवढंच की राहायला पोझितानो बरं की सोरेंतो?

मी बरीच वर्षं पुण्याहून छोटे गट घेऊन दक्षिण इटलीत जाते. गटात साठीच्या पुढची मंडळी असतातच. त्या अनुभवावरून सांगते, तुमच्या कुटुंबासाठी दोन्ही नकोत. सालेर्नोला राहा आणि गाडी घेऊच नका. नुसता निकाल देऊन भागणार नाही, कारण तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. म्हणून कारणं देते.

आधी तिथली जमीन समजून घ्या. नेपल्सच्या दक्षिणेला सोरेंतोचं द्वीपकल्प समुद्रात घुसलंय. त्याच्या उत्तर अंगाला सोरेंतो, समोर नेपल्सचं आखात आणि व्हेसुव्हियस ज्वालामुखी. दक्षिण अंगाला पोझितानोपासून व्हिएत्रीपर्यंतचा जो पट्टा, तो अमाल्फी किनारा. १९९७ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या दोन अंगांच्या मधे लात्तारी डोंगर उभा आहे. त्याचं सर्वांत उंच शिखर १,४४४ मीटर, आणि तिथून समुद्र अगदी जवळ. त्यामुळे सपाट जागा जवळपास नाहीच. पावसाच्या पाण्याने कापलेल्या एकेका घळीच्या तोंडाशी एकेक गाव बसलंय आणि जागा संपली की ते वर चढत गेलंय. लिंबाच्या बागासुद्धा दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवरच आहेत.

गाडीरस्ता इथे आला तो एकोणिसाव्या शतकात. त्याआधी हजारेक वर्षं ये-जा व्हायची ती होडीने, नाहीतर खेचरांच्या पायवाटांनी. अमाल्फी ९व्या ते १२व्या शतकात भूमध्य समुद्रावर व्यापार करणारं स्वतंत्र सागरी प्रजासत्ताक होतं, तेही याच बळावर. डोंगराकडून तिथे सहज पोचता येत नसे आणि समुद्राकडून सगळं जग खुलं होतं. ही गावं समुद्राकडून येणाऱ्यासाठी बांधलेली आहेत. चौक, चर्च, बाजार सगळं धक्क्यापाशी, आणि धक्क्यापासून जितकं लांब तितक्या पायऱ्या जास्त. आजही तिथे सगळ्यात सोपं पोचता येतं ते बोटीनेच. मी मुक्कामाची जागा ठरवते ती याच एका गोष्टीवरून.

आता गाडीचं. किनाऱ्याचा रस्ता, क्रमांक एसएस १६३, जेमतेम दोन गाड्या मावतील एवढा, आणि वळणावर समोरून बस आली की एकाला मागे घ्यावंच लागतं. गर्दीच्या दिवसांत इथे सम-विषमचा नियम लागू होतो. नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार ठरावीक तारखांना दिवसभर तुमची गाडी त्या रस्त्यावर चालवता येत नाही, आणि भाड्याच्या गाडीलाही त्यातून सूट नाही. मोठ्या कोचना लांबीची मर्यादा आहे, म्हणून मोठ्या टूर कंपन्याही इथे बहुतेक वेळा माणसं छोट्या बसमध्ये किंवा बोटीत हलवतात. पार्किंग मिळत नाही, मिळालं तर दर ऐकून जेवण गोड लागत नाही. गावांच्या जुन्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची पावती भाड्याच्या कंपनीमार्फत तुम्ही घरी पोचल्यावर येते. शिवाय भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो तो वेगळाच. एवढं करून जो गाडी चालवतो, त्याला समुद्र दिसत नाही. त्याची नजर सतत समोरच्या वळणावर.

आता पोझितानो. फोटोत जे गाव दिसतं, एकावर एक रचलेली गुलाबी-पिवळी घरं, ते गाव म्हणजे मुळात एक जिना आहे. धक्क्यावर उतरल्यावर तुमचं हॉटेल डोक्यावर कुठेतरी असतं. सिता कंपनीच्या बसचे दोन मुख्य थांबे, किएसा नुओव्हा आणि स्पोंदा, दोन्ही वरच्या रस्त्यावर. खाली उतरायचं तर पायऱ्या किंवा वळणावळणाची उताराची वाट. गावात फिरणारी छोटी बस आहे, पण ती रस्त्यावरून जाते, पायऱ्यांवरच्या हॉटेलच्या दारात नाही. सामान उचलायला हमाल मिळतात, आईला कोण उचलणार? नाश्ता करून समुद्रावर जायचं, दुपारी विश्रांतीला परत यायचं, संध्याकाळी जेवायला पुन्हा खाली: रोज दोनदा पर्वती चढण्याचा हा कार्यक्रम आहे. माझ्या पाहण्यात असं होतं की दुसऱ्या दिवसापासून ज्येष्ठ मंडळी 'तुम्ही जाऊन या, आम्ही गॅलरीत बसतो' म्हणायला लागतात. एवढे पैसे मोजून आणलेल्या माणसाला गॅलरीत बसवायचं, हे मला पटत नाही.

आणि एक गंमत सांगते. पोझितानोचं जे रूप बघायला सगळे येतात, ते गावात राहून दिसत नाही. ते दिसतं बोटीतून, धक्का पाचेक मिनिटांवर असताना, सांता मारिया आस्सुंता चर्चचा रंगीत फरशांचा घुमट मधोमध आणि दोन्ही बाजूंनी चढत गेलेली घरं. ते तुम्हाला सालेर्नोहून आलात तरी मिळणारच आहे.

तुम्ही नवपरिणीत जोडपं असता, गुडघे ठणठणीत असते आणि खर्चाची तयारी असती, तर मी म्हटलं असतं, दोन रात्री पोझितानोतच राहा. दिवसाची गर्दी शेवटच्या बोटीने परत गेली की गाव वेगळंच होतं, आणि ते राहणाऱ्यालाच मिळतं. पण हा प्रश्न तुमचा नाही.

सोरेंतो वाईट नाही. गावाचा मधला भाग सपाट आहे, दुकानं आहेत, काप्री बेटावर जायला बोटी भरपूर आहेत आणि व्हेसुव्हियसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या प्राचीन शहराला लोकल गाडी थेट जाते. पण सोरेंतो डोंगराच्या पलीकडे आहे. तिथून पोझितानो बसने साधारण पाऊण तास ते तास, अमाल्फी पावणेदोन तास, तेही बसायला जागा मिळाली तर. उन्हाळ्यात बसच्या रांगेत एक-दोन गाड्या सोडाव्या लागतात. नेपल्स ते सोरेंतो जाणारी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल गच्च भरलेली, जुनाट आणि पाकीटमारांसाठी प्रसिद्ध. मुंबईकराला ती नवी नाही, पण सामान आणि आई-वडील घेऊन? तुमचा भर काप्री-पॉम्पेईवर असता तर मी सोरेंतोच सुचवलं असतं.

सालेर्नो किनाऱ्याच्या पूर्व टोकाला आहे. ते पर्यटनाचं गाव नाही, बंदराचं चालतंबोलतं शहर आहे, आणि हाच त्याचा फायदा. रोमहून वेगवान रेल्वेगाडी थेट येते, साधारण दोन तासांत, मधे बदलायची गरज नाही. स्टेशनाबाहेरचा भाग सपाट. पियात्झा देल्ला कोन्कोर्दिया हा बोटीचा धक्का स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. तिथून अमाल्फी पस्तीस-एक मिनिटं, पोझितानो सत्तरच्या आसपास. काही बोटी मान्फ्रेदी नावाच्या दुसऱ्या धक्क्यावरून सुटतात, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून तिकिटावर धक्क्याचं नाव आदल्या रात्रीच वाचून ठेवा. हॉटेलचे दर पोझितानोच्या मानाने बरेच कमी, लिफ्ट असलेल्या इमारती जास्त, आणि संध्याकाळी समुद्राकाठच्या लांबलचक झाडीच्या रस्त्यावर सालेर्नोकर सहकुटुंब फिरायला येतात. त्यात तुमचे वडील पहिल्याच दिवशी मिसळून जातील. जुन्या गल्ल्यांमधलं संत मॅथ्यूचं कॅथेड्रलही बघा. मध्ययुगात इथे युरोपातलं नामांकित वैद्यकीय विद्यापीठ होतं आणि त्या परंपरेतली औषधी वनस्पतींची बाग, 'जार्दिनो देल्ला मिनेर्व्हा', अजून जपलेली आहे. फक्त ती चढावर आहे.

सालेर्नोची एक उणीव कबूल करायला हवी. सकाळी खिडकी उघडल्यावर समोर पोस्टकार्ड नसतं, कदाचित समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं असेल. ज्यांना 'आपण अमाल्फी किनाऱ्यावर राहिलो' याचंच महत्त्व आहे त्यांनी मायोरी बघावं. या किनाऱ्यावरचा सर्वांत लांब समुद्रकिनारा तिथे आहे, सुमारे एक किलोमीटर, आणि गाव बरंच सपाट. १९५४ च्या ऑक्टोबरात आलेल्या महापुराने मायोरीचा मोठा भाग वाहून नेला. नंतरच्या बांधकामामुळे ते शेजारच्या गावांइतकं देखणं नाही, पण रस्ते रुंद झाले आणि आईच्या गुडघ्यांच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. मायोरीलाही बोट थांबते.

आता पाच रात्रींचे दिवस कसे लावायचे ते बघू. पोचल्याचा दिवस सालेर्नोतच काढा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने अमाल्फी. तिथल्या कॅथेड्रलच्या बासष्ट पायऱ्या आहेत, आईंना जमल्या तर उत्तम, नाहीतर खालच्या चौकात बसून वरचं सोनेरी दर्शनी तोंड छान दिसतं. वर जाणाऱ्यांनी दरवाजे नीट बघा. ते ११व्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतवून आणलेले कांस्याचे आहेत. या गावाचा व्यापार कुठवर पोचला होता, त्याचा तो पुरावा. चौकातून मागे घळीत जाणारा मुख्य रस्ता हळूहळू चढतो, आणि शेवटी हातकागदाचं संग्रहालय आहे. चिंध्या कुटून कागद करायची कला अमाल्फीकरांनी अरबांकडून उचलली असं मानतात. पाण्यावर चालणारे लाकडी हातोडे अजून तिथे आहेत आणि मुलीला ते कुठल्याही चर्चपेक्षा जास्त आवडतील. जेवायला चौकात बसू नका. रस्त्याने दहा मिनिटं चालून शेजारच्या आत्रानीला जा. क्षेत्रफळाने ती इटलीतली सर्वांत लहान नगरपालिका आहे, आणि तिचा चौक थेट वाळूवरच उघडतो.

दुपारी अमाल्फीहून रावेल्लोची बस, अर्ध्या तासात सुमारे साडेतीनशे मीटर वर. रावेल्लोचा चौक सपाट, व्हिला रुफोलो चौकाला लागूनच. तिथल्या बागेतून खालचा सगळा किनारा दिसतो. १८८० साली वाग्नर हा जर्मन संगीतकार इथे आला आणि त्याला आपल्या 'पार्सिफाल' ऑपेरातली जादूची बाग इथेच सापडली. तेव्हापासून रावेल्लो संगीताचं गाव झालंय. पुढचा व्हिला चिम्ब्रोने त्याहून सुंदर म्हणतात, मीही म्हणेन, पण तिकडच्या वाटेवर चढ आणि पायऱ्या आहेत. आई-वडिलांना चौकात लिंबाचा बर्फगोळा घेऊन बसवा आणि तुम्ही तिघं जाऊन या. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे सकाळीच बघून ठेवा. ती अनेकांच्या अंदाजापेक्षा लवकर असते.

तिसऱ्या दिवशी बोटीला सुट्टी द्या. पेस्तुमला जा. सालेर्नोहून दक्षिणेला रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. इ. स. पू. ६व्या-५व्या शतकांतली तीन ग्रीक मंदिरं मोकळ्या गवतात उभी आहेत, आणि जमीन तळहातासारखी सपाट. अमाल्फीला येणारे बहुतेक लोक हे सोडतात आणि मला ते कळत नाही. पॉम्पेईत दगडांच्या ढिगात लोकांच्या गर्दीत चेंगरत चालावं लागतं, इथे तुम्ही मंदिराच्या खांबांमध्ये शांत उभे राहू शकता. आसपासची शेतं म्हशींची आहेत, खरं मोझ्झारेल्ला इथलंच.

चौथ्या दिवशी पोझितानो, पहिल्या बोटीने. तेव्हा गाव त्या मानाने मोकळं असतं, मग दिवसाच्या सहलींच्या बोटी येतात. आई-वडिलांसाठी स्पियाज्जा ग्रांदे हा मोठा किनारा आणि चर्चच्या भोवतीचा भाग पुरेसा आहे. मुलीला पाण्यात जायचं असेल तर रबरी बूट घ्या, किनारा खड्यांचा आहे, आणि मेअखेर पाणी अजून गारच असतं. खुर्ची-छत्रीचे वेगळे पैसे पडतात. फुकट किनाऱ्याचा तुकडाही असतो, लहानसा. वर 'देवांची वाट' म्हणून प्रसिद्ध पायवाट आहे, बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत. ती तुमच्यासाठी या खेपेला नाही. तुम्ही एकटे गेलात तर नोचेल्लेहून खाली बसने या, तिथून उतरणाऱ्या दीड हजारांहून जास्त पायऱ्या तरण्या गुडघ्यांनाही माफ करत नाहीत.

पाचवा दिवस मोकळा ठेवा. याला मी समुद्राचा दिवस म्हणते. वारा सुटला की बोटी रद्द होतात, तेही सकाळी धक्क्यावर गेल्यावर कळतं. अमाल्फी किंवा पोझितानो त्यामुळे हुकलं तर पाचव्या दिवशी करा. नाही हुकलं तर चेतारा आणि व्हिएत्री. चेतारा हे मासेमारीचं खरंखुरं गाव, तिथली 'कोलातूरा' म्हणजे खारवलेल्या छोट्या अँचोव्ही माशांमधून झिरपलेला अर्क, मासे खाणाऱ्यांनी घरी आणावी अशी चीज. व्हिएत्री चिनीमातीच्या रंगीत भांड्यांचं, आणि तिथे रेल्वे स्टेशनही आहे. पॉम्पेई बघायचंच असेल तर तेही या दिवशी बसतं. सालेर्नो-नेपल्स गाडीने पॉम्पेई गावाच्या स्टेशनावर उतरा आणि पियात्झा अनफितेआत्रोच्या दाराने आत जा. तिथूनच चाकाच्या खुर्च्यांसाठी आखलेला सलग, तुलनेने सपाट मार्ग सुरू होतो. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, म्हणून आधीच काढा.

काप्री मी मुद्दाम वगळलंय. पाच रात्रींत ते कोंबता येईल, पण मग रोज बोट, रोज रांग. वडिलांना निळी गुहा बघायची आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे छोट्या होडीत पाठ टेकून आडवं होऊन आत शिरावं लागतं, आणि समुद्र जरा उसळला की ती बंद. त्या एका गोष्टीसाठी अख्खा दिवस लावू नका.

आतापर्यंतचं एका ओळीत: सालेर्नोला मुक्काम, गाडी नाही, बोट मुख्य, बस जोडीला, आणि एक दिवस हवामानासाठी राखीव. बसने जाणारच असाल तर सालेर्नोहून अमाल्फीकडे जाताना डावीकडे बसा, समुद्र त्या बाजूला असतो. तिकीट चढण्याआधी तंबाखू-सिगारेटच्या दुकानात मिळतं. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्या, वळणं सुरू झाल्यावर उपयोग नाही.

तारखांबद्दल एक. २ जून हा इटलीचा प्रजासत्ताक दिन, राष्ट्रीय सुट्टी. तुमचा शेवटचा आठवडा त्याला चिकटत असेल तर तीन-चार दिवस आधी सरकवा, इटालियन लोकही याच किनाऱ्यावर येतात. एरवी मे हा महिना चांगलाच. ऑगस्ट मी कुणालाच सुचवत नाही, आणि नोव्हेंबर ते मार्च बोटी जवळपास बंद, निम्मी हॉटेलं बंद. संप हाही तिथला नित्याचा प्रकार आहे, बहुधा आधी जाहीर होतो आणि बरेचदा शुक्रवारी असतो. रोमला परतायची गाडी शुक्रवारची असेल तर आदल्या दिवशी खात्री करा.

आई शाकाहारी आहेत म्हणालात. नेपल्सच्या आसपास उपाशी राहायची वेळ येत नाही. टोमॅटो, लसूण आणि ओव्यासारख्या वासाचं ओरेगानो एवढंच घातलेला 'मारिनारा' पिझ्झा, वांग्याची 'पार्मिजाना', बटाट्याच्या गोळ्यांचे 'न्योक्की आल्ला सोरेंतीना', लिंबाचा मऊ केक. खबरदारी अनपेक्षित ठिकाणी घ्यावी लागते. भाजीच्या पदार्थात चवीला छोटे मासे घातलेले असतात, म्हणून मांस नको म्हणून थांबू नका, 'सेन्झा पेशे, सेन्झा अलीची', म्हणजे मासा नको, अँचोव्हीही नको, हेही सांगा. काळी मिरी लावलेले कडक 'तराल्ली' आणि पापुद्र्यांची 'स्फोल्यातेल्ला' पारंपरिक पद्धतीत डुकराच्या चरबीत करतात. पुष्कळ चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. हे चालत नसेल तर आईंना आधीच सांगून ठेवा, टेबलावर नको. सालेर्नोत स्वयंपाकघर असलेली जागा घेतलीत तर रात्रीचा वरणभात कुकरशिवायही होतो.

हॉटेल पक्कं करण्याआधी त्यांना दोन ओळींची मेल टाका: रस्त्यापासून तुमच्या स्वागतकक्षापर्यंत किती पायऱ्या आहेत, आणि लिफ्ट तळमजल्यापासून सुरू होते की पहिल्या मजल्यापासून. तिकडच्या जुन्या इमारतींत दुसरा प्रकार फार आढळतो. 'थोड्याच पायऱ्या' असं उत्तर आलं तर आकडा विचारा. आकडा येईपर्यंत पैसे भरू नका.